आईचा इटलीशी उभा दावा

इटलीची जुनी स्पोर्ट्स गाडी म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न वेगाचा विचारतात. हुबळीच्या देशपांडे नगरात आमच्या घरापुढून ही गाडी किती वेगानं जाते, याचं खरं उत्तर आहे: आमच्या आईच्या चालीनं. गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर, आणि आमच्या गल्लीतले हंप चांगले वीतभर उंच. त्यामुळे दुरुस्त झालेली गाडी फिरवून बघायची म्हणजे सगळ्यात पुढं आई, तिच्या मागं लाकडी फळ्या घेतलेले दोन शेजारी, आणि त्यांच्या मागं गाडीत मी. हंप आला की आई हात वर करायची. शेजारी फळ्या टाकायचे, मी गाडी चढवायची, उतरवायची, मग फळ्या उचलून मिरवणूक पुढच्या हंपाकडं. एकदा एका अनोळखी बाईनं वरात समजून माझ्यावर अक्षता टाकल्या होत्या. माझ्या आयुष्यात अक्षता पडल्या त्या तेवढ्याच.

मी मूळचा धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यातला टूलरूमचा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनचे सुटे भाग घडवले, शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि घरी बसलो. घरात दोघंच, मी आणि आई. अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि पाठोपाठ गेलेही. आई रोज सकाळी चहाबरोबर माझ्या लग्नाचा विषय काढायची. परसात पहिली गाडी आली त्या दिवशी तिनं तो विषय सोडला, म्हणून मी त्या गाडीचा आजन्म ऋणी आहे.

आता इटलीच्या गाड्या हुबळीत कुठून आल्या? गोव्यातून. पोर्तुगीज होते तेव्हा तिथल्या पैसेवाल्यांनी हौसेनं बोटीतून असल्या गाड्या आणवल्या. पुढं हौस करणारे गेले, आणि गाड्या माडाच्या झावळ्यांखाली कोंबड्यांची खुराडी झाल्या. नातवंडांना कधीतरी जाग येते, मग ती गाडी ट्रकवर घालून घाट चढवून आमच्याकडं आणतात. मुंबईला का नेत नाहीत, असं मी एकाला विचारलं होतं. तो म्हणाला, मुंबईवाले तारीख देतात, तुम्ही जेवण देता.

धंदा काय आहे तेही सांगून टाकतो. आजच्या गाडीचं दार साच्यात दाबून काढतात, एकासारखं दुसरं. या गाड्यांचं तसं नाही. सत्तर वर्षांपूर्वी इटलीतल्या लहान लहान कारखान्यांत ॲल्युमिनियमचा पत्रा लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून मोगरीनं ठोकायचे, ठोकून ठोकून त्याला खोलगटपणा आणायचे आणि मग ऐरणीवर घेऊन हातोडीनं सारखा करायचे. गाडीचं नाक, गाल, पाठ सगळं असं हातानं केलेलं. थोडक्यात, तांबटाचं काम. फक्त भांड्याला चाकं.

आणि आमची आई तांबटाची लेक. जुन्या हुबळीतल्या एका बोळात आजोबांचं दुकान होतं; घंगाळं, हंडे, पाणी तापवायचे बंब. आजोबांना मुलगा नव्हता, त्यामुळे मोगरी आईच्या हातात आली. लग्न करून ती देशपांडे नगरात आली, मोगरी माळ्यावर गेली आणि तिथंच राहिली.

पहिली गाडी धारवाडच्या एका वकिलांची. मी फक्त इंजिनाचं काम घेतलं होतं, पत्र्याच्या कामाला माणूस शोधत होतो. आई गच्चीवर पापड वाळत घालत होती, ती खाली आली आणि तिनं गाडीच्या गालावर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"कुणी ठोकलंय रे हे?"

"इटलीतली गाडी आहे, आई."

"ते राहू दे. कुणी ठोकलंय म्हणून विचारायलोय मी."

मग तिनं चाकाच्या वर आत हात घातला. बाहेरून पत्रा घासून, रंग देऊन गुळगुळीत केलेला असतो, पण आतल्या बाजूला हातोडीचे ठोके तसेच राहतात. आई डोळे मिटून बोटं फिरवत राहिली. शेवटी हात बाहेर काढून म्हणाली, "जेवून आल्यावर ठोकलंय. सुस्ती आली होती मेल्याला." आणि माळ्यावर चढायला शिडी मागितली. त्या दिवसापासून आईचा आणि इटलीचा उभा दावा सुरू झाला. प्रत्येक गाडीच्या पोटात हात घालायचा आणि तिथल्या कारागिराचा उद्धार करायचा. हा उतावळा, तो बायकोशी भांडून आलेला, हा मालक बघतोय म्हणून ठोकणारा. कधीमधी एखादा तिच्या पसंतीला उतरला तर म्हणायची, "हा बरा आहे. पोटापुरतं कळतंय."

अर्थात पहिल्या फेरीत आईच हरली. ठोकून ठोकून धातू कडक होतो, त्याला भाजून पुन्हा मऊ करावं लागतं. तांबं भट्टीत घातलं की लाल होतं, लाल झालं की बाहेर काढायचं, हे आईला पाठ. वकीलसाहेबांच्या डिकीचं झाकण तिनं शेगडीवर धरलं आणि ते लाल व्हायची वाट बघत बसली. ॲल्युमिनियम लाल होत नाही. ते काही न सांगता सवरता एकदम वितळतं. बघता बघता झाकण मधोमध खचलं आणि उरलेलं निखाऱ्यांत टपटपलं. वकीलसाहेबांनी कोर्टात फुटलेले साक्षीदार पुष्कळ बघितले होते, वितळलेलं झाकण पहिल्यांदाच बघत होते. आई त्यांना म्हणाली, "बसा की. दुसरं करून देतो. हे तुमचं ॲल्युमिनियम फार लबाड आहे बघा." पुढं रेल्वे वर्कशॉपमधल्या एका जुन्या फिटरनं युक्ती सांगितली. पत्र्यावर धुण्याचा साबण घासायचा आणि तो कॉफीच्या रंगाचा झाला की आच काढायची. तेव्हापासून आमच्या घरातला साबणाचा खप बघून दुकानदाराला आम्ही लॉण्ड्री काढल्याची शंका होती.

गिऱ्हाइकंही एकेक. बाजारातले एक कापडवाले शेठ. त्यांना एका कर्जदाराकडून वसुलीत अशी गाडी मिळाली होती. ती आम्ही नीट करून दिली. घेऊन जायच्या दिवशी शेठ सहकुटुंब आले, लहानमोठी धरून सात माणसं. शेठनी दार उघडून आत बघितलं.

"दोनच सीट?"

"स्पोर्ट्स गाडी आहे, शेठ. दोनच असतात."

"मग बाकीच्यांनी मागनं पळत यायचं काय हो?"

त्यांना वरती कॅरियर बसवून पाहिजे होतं. मी कपाळाला हात लावला. आई मात्र टेप घेऊन छप्पर मोजायला लागली, कारण तिच्या मते त्या छपराचा मधला भाग नाहीतरी बिनकामाचाच होता. तिला आवरता आवरता माझी पुरेवाट झाली. शेठ शेवटी सासूबाईंना शेजारी बसवून गेले, आणि बाकीचे पाचजण रिक्षानं त्यांच्या मागून. रिक्षा अर्थात त्यांच्या आधी पोचली.

शेजारी डॉक्टर राहतात. त्यांचा दवाखाना आमच्या परसाच्या भिंतीला लागून. इकडं आई मोगरी चालवायची आणि तिकडं डॉक्टर पेशंटच्या छातीला नळी लावायचे. भिंतीवरून त्यांचं डोकं वर यायचं. "अक्का, ऐदु निमिष! पेशंटचं हृदय ऐकू येईना झालंय!" मग आई पाच मिनिटं थांबायची. पुढं पुढं त्यांनी एक पांढरा टॉवेलच ठेवला. भिंतीवर टॉवेल आला की मोगरी बंद. एकदा घाईत टॉवेल काढायचा राहिला आणि आई दुपारभर हात जोडून बसली होती, पलीकडं कुणीतरी गेलं असं समजून.

ज्या गाडीसाठी हे सगळं लिहायला घेतलं ती तांबडी मात्र शेवटी आली. आता आईनं मोगरी कायमची खाली ठेवली आहे, आणि ती तांबडीनंतरच.

मडगावचे दत्ताबाब म्हणून एक गृहस्थ. साठी उलटलेले, काटकुळे, बोलायला अतिशय गोड. त्यांच्या वडिलांची ही तांबडी गाडी शेडमध्ये उभी होती आणि शेडवर आंब्याचं झाड पडलं. गाडीचा डावा गाल, म्हणजे डाव्या चाकावरचा दिव्यासकटचा भाग, पार चेपला. बाकीची गाडी सुदैवानं धड होती. दत्ताबाबांनी आईला भेट म्हणून काजूच्या फेणीची बाटली आणली. आईनं ती गंज काढायला वापरली. गंज निघाला हे मुद्दाम नोंदवतो.

नेहमीप्रमाणे आईनं पोटात हात घातला आणि तिला तिथं दोन माणसं सापडली. नाक आणि उजवा गाल ठोकणारा एक, आणि तो चेपलेला डावा गाल ठोकणारा दुसरा. पहिल्यावर आई खूश. ठोक्याशेजारी ठोका, ज्वारीचे दाणे मांडावेत तसा. "हा माझ्या बाबांच्या हाताखाली शोभला असता," ती म्हणाली आणि तिनं त्याचं नाव अण्णा ठेवलं. दुसऱ्याचे ठोके उलटीकडून पडलेले, काही खोल, काही उथळ, मधेच वाट चुकलेले. तो बाबुराव. "डावरा आहे आणि वर आळशी. मालकाचा मेहुणा असणार. काढूनबी टाकता येत नाही असल्यांना." पुढचे दोन पावसाळे तांबडी आमच्याकडं होती आणि तेवढा काळ बाबुरावाला एक दिवस सुट्टी नव्हती. आमटीत मीठ जास्त पडलं तरी आई म्हणायची, "बाबुरावानं टाकलंय काय कोण जाणे."

चेपलेला गाल सरळ होण्यासारखा राहिला नव्हता. आईनं अण्णाच्या उजव्या गालावरून माप घेतलं आणि नवा डावा गाल घडवला, आरशात बघितल्यासारखा. जुना चेपलेला पत्रा वाया जाऊ नये म्हणून त्यावर सांडगी मिरच्या वाळत घालायला लागली. रंग झाला, इंजिन बसलं, आणि श्रावणात आम्ही दत्ताबाबांना बोलावणं धाडलं.

दत्ताबाब आले. गाडीभोवती एक फेरी मारली. दुसरी मारली. मग मागच्या दाराच्या पायरीवर बसले आणि डोळ्याला रुमाल लावला. मला वाटलं आनंदाश्रू.

"काम बरं केलंत," ते म्हणाले. "पण ही आमची गाडी न्हय."

मी इंजिनाचा नंबर दाखवला. चाव्या दाखवल्या. त्यांच्या वडिलांनी सीटवर विडीनं पाडलेलं भोक दाखवलं.

"तसं न्हय हो. आमची गाडी तिरळी होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांच्या तांबडीचा डावा गाल उजव्यापेक्षा बोटभर उतरलेला आणि त्यामुळे डावा दिवा जरासा बाहेरच्या बाजूला बघणारा होता. संध्याकाळी वडील गाडी घेऊन फाटकातून आत आले की उजवा दिवा समोर आणि डावा दिवा सोप्यावर बसलेल्या पोरांकडं. "आमी भावंडं वाट बघत बसायचो. पप्पा रस्ता बघत, पण गाडी आमच्याकडं बघायची. आता ती सरळ बघता. आमच्याकडं बघतच न्हय." आणि एवढं सांगून हा साठीतला माणूस हुंदके द्यायला लागला. मी काय करणार, पाणी आणलं.

आईचं मात्र पित्त खवळलं. "म्हणजे काय? वाकडं होतं ते सरळ केलं, त्याची तक्रार?"

"तक्रार न्हय, अक्का. तेवढं परत वाकडं करून दिलं की झालं."

आई उठून उभी राहिली. तिचा आवाज इतका चढला की भिंतीवर टॉवेल आला. "माझे बाबा डुगडुगणारं भांडं गिऱ्हाइकाला दाखवायच्या आधी चेपून भट्टीत टाकायचे. कितीही नड असू दे, वाकडं भांडं त्या दुकानातनं बाहेर गेलं नाही. आणि मी त्यांची लेक, जाणूनबुजून वाकडं ठोकू? ते पण त्या बाबुरावाची नक्कल करून? वर गेल्यावर बाबांना काय तोंड दाखवू मी?"

झालं. दत्ताबाब वाकड्या गालाशिवाय गाडी नेईनात आणि आई वाकडा गाल करीना. दत्ताबाबांनी स्टेशनजवळच्या लॉजवर मुक्काम ठोकला आणि रोज सकाळी पायरीवर येऊन बसायला लागले. आईही हट्टी असली तरी पायरीवर बसलेल्या माणसाला उपाशी ठेवणारी नव्हे. त्यामुळे भांडण जेवणाच्या पानावर चालायचं. ज्वारीची भाकरी, भरल्या वांग्यांची एण्णेगाई, झुणका. श्रावणात आमच्याकडं मासळी वर्ज्य, आणि दत्ताबाब तर बांगड्यावर वाढलेला जीव. ते केविलवाणे होऊन भाकरीचे तुकडे मोडायचे.

"थोडंसंच वाकडं, अक्का. बोटभर."

"भात घ्या."

"अर्धं बोट?"

"ताक घ्या."

शेवटी मीच भिंतीवरून डॉक्टरांना हाक मारली. म्हटलं, दोघांनाही मान्य असेल असा हाच एक माणूस आहे. डॉक्टर टॉर्च आणि गळ्यात नळी घेऊनच आले. त्यांनी तांबडीसमोर उकिडवं बसून दोन्ही दिव्यांत टॉर्च मारला, गाल दाबून बघितले, आणि दत्ताबाबांना विचारलं, "तिरळेपणा जन्मापासून का मागाहून?"

"जन्मापासून. इटलीतूनच."

"दिसण्यात काही अडचण?"

"काही न्हय. पप्पा रात्री बेळगावपर्यंत जायचे."

डॉक्टरांनी आईकडं वळून अत्यंत गंभीरपणे निदान सांगितलं. "अक्का, जन्मजात तिरळेपणा, नजर चांगली, घरच्यांची तक्रार नाही. असल्या केसमध्ये या वयात ऑपरेशन करू नये. तुम्ही केलंय. आता ते काढून टाका."

माझ्या सांगण्याला तिनं कधी काडीची किंमत दिली नाही, पण डॉक्टरांचा शब्द तिला मोडवेना. "बरं," ती म्हणाली. "करतो. पितृपंधरवडा लागायच्या आत गाडी घेऊन जायची, त्यात कुणी गाडी दारातनं काढत नाही. आणि बाबांना वर गेल्यावर तुम्हीच सांगा, डॉक्टर." डॉक्टर तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण त्यांनी मान डोलावली. दत्ताबाब त्याच संध्याकाळी मडगावला परतले.

आणि मग भलतीच पंचाईत झाली. आईला वाकडं येईना. नवा पत्रा घेऊन ती ठोकायला बसली की गाल आपोआप सरळच व्हायचा. मुद्दाम हात चुकवायची, आणि पुढच्याच ठोक्याला हात ती चूक सुधारून मोकळा. ऐंशी वर्षांच्या हाताला आता वाकडं शिकवायचं कुणी? वैतागून तिनं मोगरी माझ्या हातात दिली. मला वाकडं उपजतच येतं. अर्ध्या दिवसात मी पत्रा वाकडा करून दाखवला.

आईनं मिरच्या झटकून बाबुरावाचा जुना पत्रा आणला, माझा पत्रा शेजारी ठेवला आणि दोन्हींवर बोटं फिरवली. "हे नव्हे," ती म्हणाली. "तुझं वाकडं आळसाचं आहे. याचं वेगळं आहे."

"अगं, तोही आळशीच होता, तूच म्हणतेस की."

तिनं मोगरी डाव्या हातात घेतली आणि ऐरणीशी बसली. दोन-चार ठोके मारले. थांबली. उठून ऐरणीच्या पलीकडच्या बाजूला गेली, तिथून मारले. परत अलीकडं आली. जुन्या पत्र्यावर हात फिरवला, मग उठून गाडीत नाकाखाली हात घातला, अण्णाच्या ठोक्यांवर, आणि कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मला वाटलं कमरेत उसण भरली.

"इकडं ये," ती म्हणाली. "हात घाल. कोपऱ्यात बघ."

प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात, काम संपतं तिथं, अण्णानं दोन बारीक ठोके मारलेले होते, शेजारी शेजारी. सवय असते एकेकाची. मग तिनं माझं बोट धरून बाबुरावाच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर नेलं. तिथंही दोन बारीक ठोके होते.

"डावरा माणूस ऐरणीच्या त्या अंगाला बसतो," आई म्हणाली. "हा ह्या अंगाला बसलाय, उजव्यासारखा. आणि मारायलाय डाव्यानं." ती खाली बसली. "दोन माणसं नाहीत रे. एकच आहे. उजवा गाल करेपर्यंत धड होता. मग त्याच्या हाताला काहीतरी झालं. भाजला असेल, नाहीतर ऐरणीखाली सापडला असेल. आणि तरी काम पुरं केलंय त्यानं. हे आळसाचं वाकडं नव्हे. दुखण्याचं आहे."

भिंतीवर टॉवेल नव्हता, तरी त्या दिवशी मोगरी वाजली नाही. मला खरं सांगायचं तर हसूही येत होतं, कारण पत्र्याला मिरच्यांचा असा खकाणा होता की दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि कुणाचं कशामुळं हे कळायला मार्ग नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून बाबुराव अरेतुरेतून अहोजाहोत गेले. "बाबुरावांचा पत्रा जरा इकडं धर." "बाबुरावांनी इथं दम खाल्लाय बघ." आई डाव्या हातानं रोज थोडं थोडं ठोकत राहिली. हात सुजायचा, रात्री मी तेल लावून द्यायचो. गौरी-गणपती आले, गेले. तिनं सबंध गाल बाबुरावांच्या ठोक्यावर ठोका ठेवून उठवला, जिथं त्यांचा हात घसरला तिथं तिनंही घसरू दिला, आणि शेवटी कोपऱ्यात दोन बारीक ठोके मारले. पत्र्याच्या कामातलं मला जेवढं कळतं, त्यावरून सांगतो, आईच्या हातून याहून चांगलं काम झालेलं नाही.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दत्ताबाब आले. फाटकातूनच त्यांना तांबडी दिसली, एक डोळा रस्त्याकडं आणि एक आमच्या तुळशीकडं. ते धावतच आले. गालावरून हात फिरवला, खाली वाकून आतून हात फिरवला.

"अक्का!" ते ओरडले. "तुम्ही जुनाच पत्रा सरळ करून बसवलात! हो त्याच मनशाचा हात! असं वाकडं काम इटलीवाल्याशिवाय कोणाला जमायचं न्हय!"

मी तोंड उघडलं. ज्या हाताला मी रोज तेल चोळत होतो त्याचं श्रेय असं परस्पर इटलीला जावं, हे मला सहन होईना. आईनं मागून माझ्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. "सुम्न इरु," ती पुटपुटली. गप्प राहा म्हणून मला कन्नडमधनं सांगितलं की तो शेवटचा शब्द, हे मला लहानपणापासून ठाऊक.

मग दत्ताबाबांना ती म्हणाली, "होय. त्यांचंच काम आहे."

फळ्या टाकत, मिरवणुकीनं आम्ही तांबडीला मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं. आई चालताना सारखी मागं वळून बघत होती, आणि शप्पथ, मला वाटलं की ती तिरळी गाडी तिच्याकडंच बघत होती.

पुढं सर्वपित्री अमावास्या आली. ज्यांची तिथी माहीत नाही, त्या सगळ्यांच्या नावानं या दिवशी पाणी सोडतात. आमचे नेहमीचे भटजी आले. मी अप्पांचं केलं, आजोबांचं केलं, आणि आता उठणार एवढ्यात आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भटजी, आणखी एक नाव आहे."

"सांगा की."

"बाबुराव. ऊर्फ अण्णा."

"गोत्र?"

"इटली."

"ते गाव झालं, आजी. गोत्र?"

मी थोडक्यात हकीकत सांगितली. भटजींनी शांतपणे ऐकून घेतलं. हुबळीत भिक्षुकी करायची तर माणसाला कशाचंही नवल वाटून चालत नाही. "गोत्र माहीत नसलं तर काश्यप लावतात," ते म्हणाले. "पण गेलेत हे नक्की ना? जिवंत माणसाचं करता येत नाही."

"सत्तर वर्षांमागं ते संसारी बाप्या होते," आई म्हणाली. "असले तर शंभरी ओलांडली असेल. त्या वयात थोडं जास्तीचं पाणी कुणाला बाधत नाही."

हे भटजींना पटलं असावं. त्यांनी माझ्या ओंजळीत तीळ आणि पाणी घातलं. "नातं काय लावू? नात्याशिवाय पाणी सोडता येत नाही."

आई विचारात पडली. माझ्या ओंजळीतून पाणी ठिबकायला लागलं.

"माझे भाऊ लावा," ती म्हणाली.

"म्हणजे यांचे मामा. सख्खे का चुलत?"

"सख्खेच लावा," आई म्हणाली. "चुलत भावाला एवढ्या शिव्या कोण देतंय?"

मी पाणी सोडलं.